एकवीसचा पाना

मी आयुष्यात कधीही चुकीचे हत्यार उचललेले नाही. हे विधान मी गेल्या नारळी पौर्णिमेच्या सकाळपर्यंत पूर्ण जबाबदारीने करीत असे. यंत्र अभियांत्रिकीची पदविका, तळोज्याच्या एका कारखान्यात देखभाल विभागातली छत्तीस वर्षे, आणि पनवेलच्या घरी भिंतीवर एक फळी, जिच्यावर प्रत्येक पान्याच्या जागी त्याची बाह्यरेषा रंगवलेली आहे. माझ्या पत्नीला, नीताला, ती फळी पोलिसांच्या पंचनाम्यासारखी दिसते.

त्या दिवशी दाजीने मला गावी बोलावले होते. दाजी हा पंचवीस वर्षे कारखान्यातला माझा फिटर. मी सांगेन तेवढेच करणारा, म्हणून माझ्या मते उत्तम फिटर. जासईच्या पलीकडे खाडीकाठी त्याचे घर आहे. त्याची आई सोनाबाई शहाऐंशी वर्षांची. लग्न होऊन आल्यापासून ती दर नारळी पौर्णिमेला होडीतून खाडीच्या मध्यावर जाते आणि स्वतःच्या हाताने नारळ सोडते. काठावरून सोडलेला नारळ तिला मान्य नाही. यंदा मात्र गुडघ्यांनी इतका त्रास दिला होता की "औंदाचा शेवटचा," असे तिने जाहीर करून टाकले होते.

साडेनऊला तिला प्लास्टिकच्या खुर्चीसकट होडीत बसवले. मांडीवर नारळ. दाजीने होडीच्या मागच्या फळीवर अडकवलेल्या इंजिनाची दोरी ओढली. इंजिन खोकले आणि गप्प झाले. वीस वेळा ओढले, वीस वेळा खोकले.

"प्लग काढून बगतो, सायेब. दोन मिन्टांचं काम हाय," दाजी म्हणाला. त्याच्या हातात नळ जोडायचा भलामोठा पाइप पाना होता.

"खाली ठेव तो," मी म्हणालो. "प्लगचा माथा चिनी मातीचा असतो. तिरका जोर आला की तडा. याला एकवीस मिलिमीटरचा, खोल आणि पातळ भिंतीचा बॉक्स पाना लागतो. तो मी आणतो. तोवर इंजिनाला कोणीही हात लावायचा नाही."

"बरं, सायेब."

दाजीची बायको भामा काठावरून म्हणाली, "भाऊ, भरती पावनेबाराला हाय. दोनच्या म्होरं निस्ता चिखल."

"वहिनी, अर्ध्या तासात काम होईल."

माझ्या गाडीतला प्लग पाना सोळाचा. तो बसणार नाही हे मला ठाऊक होते. तरी लावून पाहिला, कारण तपासणी पूर्ण असावी. मग जासईला गेलो. तिथे कंटेनरच्या गाड्यांची चाके बदलणाऱ्या एका दुकानदाराने खोक्यातून एकवीसचा पाना काढून दिला. "घेऊन जा काका, संध्याकाळी आणून द्या." मी विजयी मुद्रेने परतलो. पाना प्लगवर अचूक बसला असता. पण प्लगभोवतीच्या खोबणीत तो उतरेचना. त्याची भिंत दीड मिलिमीटर जाड होती.

"दीड म्हंजे किती, भाऊ?" भामाने विचारले. मी बोटांनी दाखवले. "येवढं तर माजं नख हाय."

एवढ्यात शेजारचा भावेश आपली होडी घेऊन आला. "आजी, चल माज्या होडीत. सगला गाव निघाला."

"नको रं," सोनाबाई म्हणाली. "सायेब येवढी धावपल करतान, त्यांना टाकून कशी जाव?"

त्या क्षणी मी "जा, आई," एवढेच म्हणायला हवे होते. दोन शब्द होते. मी म्हणालो, "पनवेलला लेथवर दीड मिलिमीटर घासून आणतो. तासाभराचा प्रश्न."

पनवेलला उदयसिंहाची लेथ. तो पाटावर बसला होता आणि त्याची बहीण कीर्ती राखी बांधत होती. ओवाळणी, पेढा, फोटो, पुन्हा फोटो. शेवटी तो लेथपाशी आला, तर मनगटावर वीतभर लोंबणारा गोंडा.

"हे काढ," मी म्हणालो. "फिरत्या यंत्रापाशी सैल दोरा चालत नाही."

"काका, आत्ता बांधली आहे," कीर्ती म्हणाली. "आज काढायची नाही."

"मग दादाचा हात जाईल."

"सणाच्या दिवशी काय बोलता तुम्ही?"

तिघांच्या वाटाघाटीतून असे ठरले की लेथ मी चालवावी. मी चालवली. एका वेळी दशांश मिलिमीटर, प्रत्येक फेरीनंतर मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजमाप. मध्येच नीताचा फोन आला. "तुम्ही पूजेला गेला आहात की दुरुस्तीला?" मी सांगितले की दोन्ही कामे प्रगतिपथावर आहेत. त्यानंतर दाजीचा.

"सायेब, पानी आता पुरं भरलंय. जरा हलक्या हातानं बगू का?"

"दाजी, माझ्या परवानगीशिवाय प्लगला बोटसुद्धा लावायचं नाही."

"बरं, सायेब."

पाना तयार झाला तेव्हा सव्वा वाजला होता. असा सुबक पाना मी उमेदवारीच्या काळातही केला नव्हता. उरणच्या रस्त्यावर ट्रेलरांची रांग लागली होती, आणि तिच्यात मी तो पाना मांडीवर घेऊन दीड तास बसलो.

तीन वाजून दहा मिनिटांनी पोहोचलो. खाडीत पाणी नव्हते. होडी चिखलात म्हशीसारखी एका कुशीवर बसली होती. तिच्यात तिरक्या झालेल्या खुर्चीवर सोनाबाई होती, कारण त्या गुडघ्यांनी चिखल तुडवणे शक्यच नव्हते. भामा तिच्यावर छत्री धरून उभी होती. इंजिनाला कोणीही हात लावला नव्हता.

मी विजार दुमडून चिखलात उतरलो. पाना खोबणीत असा उतरला, जणू दोघे एकाच साच्यातले. त्यात दांडा अडकवण्यापूर्वी मी तो सहज बोटांनी फिरवून पाहिला. प्लग फिरला. म्हणजे प्लग सैलच होता. इंजिन चालू न होण्याचे कारण तेच होते. सकाळी साडेनऊला कोणीही दोन बोटांनी तो आवळला असता तरी भागले असते.

"मागल्या हप्त्यात मीच साफ करून लावलेला," दाजी चिखलाकडे बघत म्हणाला. "आवलायचा राह्यला वाटतं. चालू करू का, सायेब?"

"नको. पाण्याशिवाय चालवलं तर आतला पंप जळेल."

हेही म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होते.

सोनाबाईने विचारले, "झालं?"

"झालं, आई. माझं चुकलं."

तिने मांडीवरचा नारळ दोन-तीनदा फिरवून पाहिला. "औंदाचा शेवटचा म्हनलेली मी. आता तुमच्यापायी अजून येक वरीस जगाया लागंल." मग तिने नारळ माझ्या हातात दिला. "यो आता भातालाच. फोडा."

एवढे तरी काम आपल्या हातून नीट व्हावे, असे मला फार वाटले. "कोयता कुठे आहे, वहिनी?" मी म्हणालो. "मी घेऊन येतो."

मी वळून काठाकडे एक पाऊल टाकले असेल-नसेल, तोच दाजीने माझ्या हातातून नारळ घेतला आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, मला न विचारता, होडीच्या काठावर आपटला. त्याची सरळ दोन भकले झाली.