सरळ रेषेत पंचेचाळीस मिनिटं

ज्या शहराला विमानतळ आहे, तिथल्या नागरिकानं घाईत असणं हे त्याचं कर्तव्य आहे. सोलापुरात हे कर्तव्य सर्वांत मनापासून पार पाडलं ते गुरुबसप्पा मास्तरांनी.

मास्तरांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर त्यांना मोबाइलवर एक संकेतस्थळ सापडलं. ते कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगायचं. सोलापूर ते कोल्हापूर : दोनशे सात किलोमीटर, पंचेचाळीस मिनिटं. (या दोहोंमध्ये विमान जातं की नाही, हा प्रश्न संकेतस्थळाच्या कार्यकक्षेत येत नव्हता.)

त्याच सुमारास त्यांची एकुलती एक मुलगी भुवनेश्वरी हिचा साखरपुडा कोल्हापुरात ठरला. मंगळवार, दुपारी साडेबारा. घरच्यांनी दोन जीप ठरवल्या.

"पाच तास हाडं खिळखिळी करून घ्यायला मी काय उसाची मोळी आहे का?" मास्तर म्हणाले.

"अवं, सगळ्यांच्या संगं चला की," त्यांच्या पत्नी बसव्वा म्हणाल्या. "पोरगी तुमच्या शेजारी बसायचं म्हनतीया."

"तुम्ही सकाळी निघा. तुमच्या आधी पोचून मी दारात उभा राहतो."

तिकीट काढून देणारा शिवराज म्हणाला, "सर, सरळ विमान न्हाय. मुंबईत उतरून दुसरं धरायचं. सोमवारीच निघावं लागंल."

दुसरा कोणी इथं डगमगला असता. मास्तरांनी कागद घेतला. हवेतला वेळ दोन तास, म्हणजे जीपपेक्षा तीन तास वाचले. बाकीचा वेळ जमिनीवर जाणार, आणि जमिनीवरचा वेळ विमानप्रवासात धरत नाहीत.

सोमवारी मास्तर मुंबईत पोचले, मुक्काम केला. मंगळवारी सकाळी नऊचं विमान 'अपरिहार्य कारणास्तव' दीडला सुटेल असं जाहीर झालं. सव्वाबाराला बसव्वांचा फोन आला.

"कुटं हायसा?"

"सरळ रेषेत तीनशे किलोमीटरवर."

पलीकडं सनई वाजत होती. "गुरुजी घाई करायलेत," बसव्वा म्हणाल्या. "मग गुरुसिद्धप्पा भावजींना बसवू का तुमच्या जागी?"

"बसव," मास्तर म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले. (संयम राखल्याबद्दल ध्वनिक्षेपकावरून त्यांचे आभार मानण्यात आले.)

मंगल कार्यालयात ते पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. खुर्च्या एकावर एक रचून झाल्या होत्या. भुवनेश्वरी साडी बदलून, पिशव्या भरत बसली होती.

"अप्पा, जेवलासा का?" एवढंच तिनं विचारलं.

मास्तर 'व्हय' म्हणाले. जेवले नव्हते.

परतताना ते मुकाट्यानं जीपमध्ये मागं बसले.

आता पेठेत त्यांच्या अनुभवाला मोठी मागणी आहे. आजवर त्रेसष्ट जणांनी चौकशी केली. खिडकीची जागा मिळाली का, असं एक्केचाळीस जणांनी. ढगात हादरे बसतात का, असं चौदा जणांनी. आणि खायला काय देतात, असं आठ जणांनी. पाटावर बसलेली भुवनेश्वरी कशी दिसत होती, हे एकानंही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मास्तरांना सांगता आलं नसतं. आणि तुम्हीही, खरं सांगा, मघापासून विमान वेळेवर सुटतं का, एवढंच बघत होतात.