चष्मेवाल्यांना चादर दिसली नाही

साडूने पुन्हा गिटार आणली आणि चष्मेवाल्यांचा पुन्हा जळफळाट झाला. जुनी, इलेक्ट्रिक आणि मातीमोल किमतीत!

"कंपनी कधीच बंद पडली, साडूभाऊ. नाव कुणाला ठाऊक नाही, म्हणून भाव नाही. आवाज ऐका फक्त!" साडू म्हणाला.

आवाज खरोखरच गोड होता, आणि तेच चष्मेवाल्यांना सहन होईना. त्यांची स्वतःची गिटार नामांकित, नवीकोरी, पाचपट महाग. वाजायची मात्र पत्र्याच्या डब्यासारखी.

"एकदा तरी मला त्याच्याहून जुनी, त्याच्याहून स्वस्त गिटार मिळालीच पाहिजे," ते घरी येऊन बायकोला म्हणाले.

"आधी एक गाणं तरी अख्खं वाजवा," बायको म्हणाली.

आठवडाभर मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या जाहिराती धुंडाळल्यावर एका दुपारी आपल्या चष्म्यांच्या दुकानात बसल्याबसल्या घबाड सापडलं. लाल गिटार, कधी न ऐकलेली कंपनी, किंमत किरकोळ. विकणाऱ्याचं नाव नाही. फुलाफुलांच्या चादरीवर ठेवून फोटो काढलेला. चष्मेवाल्यांनी भिंग लावून खुंट्या पाहिल्या, मान पाहिली, स्क्रू न स्क्रू पाहिला. समोर गिऱ्हाईक चष्म्यावाचून डोळे किलकिले करत ताटकळलं होतं.

आता घासाघीस करायची म्हणजे वस्तूला नावं ठेवणं आलं. चष्मेवाल्यांनी खोट्या नावाने लिहिलं, "मान वाकडी दिसते. गंजही आहे. आधीच्या मालकाला अक्कल नसावी. निम्म्यात देता का?"

उत्तर आलं, "दुसरे एक गृहस्थ पूर्ण किंमत देतायत."

हा दुसरा साडूच असणार! चष्मेवाल्यांचं डोकं फिरलं. त्यांनी किंमत वाढवली, दुसऱ्याने त्याहून वाढवली. दुकान बंद होईपर्यंत त्या बिननावाच्या गिटारीने किमतीत त्यांच्या नव्या गिटारीलाही मागे टाकलं होतं. मला नाही मिळाली तरी चालेल, पण त्याला मिळता कामा नये, एवढंच आता चष्मेवाल्यांच्या डोक्यात होतं.

शेवटी निरोप आला, "उद्या दहाला दोघेही या." खाली पत्ता होता. चष्मेवाल्यांनी तो तीनदा वाचला. पत्ता त्यांच्या सासूबाईंचा होता! त्याच फुलाफुलांच्या चादरीवर ते दर रविवारी जेवून घोरत पडायचे.

जावं तर बिंग फुटतं, न जावं तर गिटार साडूची. ते गेले. साडू आधीच मान खाली घालून बसला होता.

"अगंबाई! तुम्ही दोघं होय?" सासूबाईंनी चष्मा लावला आणि मोबाइल पुढे धरला. "'आधीच्या मालकाला अक्कल नसावी.' हे कुणी लिहिलं?"

साडूने खोकल्यासारखं करून चष्मेवाल्यांकडे पाहिलं.

"तुमचे सासरे वाजवायचे लग्नाआधी. मग संसारात राहून गेलं. पलंगाखालची अडगळ म्हणून काढत होते मी. नुसती मागितली असतीत जावईबापू, तर फुकट दिली असती की!"

"मग आता कुणाला देताय?" साडूला राहवलं नाही.

"कुणालाच नाही. दोन शहाणीसुरती माणसं एवढा जीव टाकतायत, म्हणजे वस्तू चांगलीच असणार. मीच शिकेन म्हणते."

दोन महिन्यांनी दुकानात साडूचा फोन आला. आवाज पडलेला होता.

"साडूभाऊ, काल गेलो होतो तिकडे. सासूबाईंनी गाणं वाजवून दाखवलं."

"अख्खं?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"अख्खं. न चुकता."

चष्मेवाले हळूच म्हणाले, "साडूभाऊ, संध्याकाळी इकडेच या ना. फार जळजळतंय हो."