आल्विनचा स्थिर हात

कॅमेऱ्यातलं मला कळतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, फणसवाडीतल्या आमच्या चाळीत कुणालाही विचारा. फक्त आल्विनला विचारू नका.

आल्विन शेजारच्या खोलीत राहतो. त्याने खिशात मावेल असा छोटा डिजिटल कॅमेरा घेतला आणि आईच्या, म्हणजे मेबलआंटीच्या, वाढदिवसाचा व्हिडिओ काढला. माझी बायको अनुजा तो चारदा बघून म्हणाली, "आल्विनचा हात किती स्थिर आहे!" बारा वर्षांच्या संसारात माझ्या एकाही अवयवाबद्दल तिने असं काही म्हटलेलं नाही. मी जळलो. दुसऱ्याच दिवशी तसलाच कॅमेरा आणला, त्याच्याहून एक नंबर वरचा.

योगही लगेच आला. अनुजाच्या मंगळागौर ग्रुपला दादरच्या स्पर्धेसाठी खेळांचा व्हिडिओ पाठवायचा होता. तो काढणार कोण? ग्रुपच्या प्रमुख सुंदराबाईंनी तोडगा काढला. "आधी दोघांनी एक फुगडी काढून दाखवा. ज्याची टीव्हीवर चांगली दिसेल, त्याला काम."

चौकात बायका नऊवारी नेसून उभ्या राहिल्या. माझ्या शेजारी आल्विनही कॅमेरा धरून उभा होता. मी बटण दाबलं. पडद्यावर लाल ठिपका आला. लाल म्हणजे बंद, हे सिग्नलला थांबणाऱ्या कुणालाही कळेल. मी पुन्हा दाबलं. ठिपका गेला. मग मी झूम केलं, मागे घेतलं, गुडघ्यांवर बसून फुगडी टिपली. फुगडी संपल्यावर बटण दाबून कॅमेरा बंद केला, हातात लटकवला आणि तळमजल्यावरच्या हेरंबला बाजूला घेतलं. त्याच्याशी मी मनातलं बोलतो.

संध्याकाळी सुंदराबाईंच्या टीव्हीसमोर निम्मी चाळ जमली. आधी आल्विनची फुगडी लागली. झूम करतानाही चित्र हललं नाही. मग माझी.

टीव्हीवर माझ्या चपला आल्या. फक्त चपला. आणि वरून माझा आवाज.

"हेरंब, खरं सांगू? त्याचाच कॅमेरा भारी आहे रे. माझा झूम केला की मिक्सर लावल्यासारखा घरघरतो. आणि अनुजा बघितलीस? सारखी त्याच्या कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. माझ्याकडे एकदा तरी बघायचं ना. मी काय दूधवाला आहे?"

चपला चार मिनिटं चालल्या. अनुजाने पदर तोंडाला लावला होता, ती हसतेय की चिडलीय ते बघायचा मला धीर झाला नाही.

"आवाज एकदम क्लिअर आलाय रे, सुशांत," आल्विन म्हणाला. मनापासून म्हणाला, तेच जास्त लागलं.

स्पर्धेचं काम अर्थातच त्याला मिळालं. माझा व्हिडिओ मात्र अनुजाने पुसू दिला नाही. पाहुणे आले की आधी आल्विनची फुगडी लागते, मग माझ्या चपला, आणि दूधवाल्यापाशी लोक टाळ्या वाजवतात. आल्विनला एकदाही टाळ्या पडलेल्या नाहीत. त्या वेळी मी त्याच्या चेहऱ्याकडे बारकाईने बघतो, थोडा तरी जळतोय का म्हणून.

नाही जळत. सगळ्यात मोठ्याने तोच हसतो.