डिब्बालालचा निरोप समारंभ

धोटेकाका टीव्ही बघताना हेल्मेट घालतात.

हे ऐकून कोणाचाच विश्वास बसत नाही, म्हणून साक्षीदार म्हणून मी स्वतःच उभा राहतो. भिलाईच्या रिसाली भागात आम्ही नवीन घर घेतलं तेव्हा एका रविवारी संध्याकाळी शेजारी शिडी मागायला गेलो. काकांनी दार उघडलं. अंगात बनियन, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, पायात स्टील प्लांटमधले लोखंडी टोकाचे बूट आणि डोक्यावर पिवळं हेल्मेट, त्याचा पट्टा हनुवटीखाली घट्ट आवळलेला. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं, आत गेले आणि एक पांढरं हेल्मेट आणून माझ्या डोक्यावर ठेवलं. पाहुण्यांसाठी पांढरं असतं म्हणे. टीव्हीतून डोक्यावर काय पडणार, असं मी विचारलं, तर त्यांनी बोट वर करून फिरता पंखा दाखवला.

"सेफ्टी पहिले, बाकी मंग," ते म्हणाले. शिडी राहिली बाजूला. मी अर्धा तास हेल्मेट घालून एक हिंदी मालिका बघत बसलो.

मी दुर्गच्या कोर्टात वकिली करतो. दिवसभर माणसं माझ्यासमोर शपथेवर खोटं बोलतात, त्यामुळे मला सहसा धक्का बसत नाही. काकांनी ही कसर एकट्याने भरून काढली. सगळी नोकरी भट्टीवर गेलेला हा फोरमन कोरोनाच्या वर्षात रिटायर झाला, पण ते त्याला कोणी सांगितलं नसावं. काका अजून फर्स्ट शिफ्टच्या वेळेला उठतात. काकू अजून त्यांचा डबा भरतात. आणि दुपारी हा गृहस्थ स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या उभ्या स्कूटरच्या सीटवर डबा उघडून जेवतो. तीन पावलांवर स्वयंपाकघर, तिथे काकू एकट्या जेवत असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं नवराबायकोचं बिनसलंय. वकिलाच्या मनात आणखी काय येणार? पण नाही, भांडण काहीच नव्हतं. विचारलं तर काकू एवढंच म्हणाल्या, "त्यायले तसंच बरं वाटते."

आता त्या मालिकेबद्दल. तिचं नाव 'गगन टपरी'. अंतराळात तरंगणारं एक यान, त्यात चहाची टपरी, आणि ग्रहाग्रहांवरून येणारी विचित्र गिऱ्हाइकं. कोणाला चार तोंडं म्हणून चार कप लागतात, कोणी चहा कानाने पितो. यानाचं इंजिन म्हणजे एक जुनी भट्टी, आणि ती पेटती ठेवणारा गंजका रोबो म्हणजे डिब्बालाल. दर भागात तो एकदा तरी आपटतो, उठतो, आणि म्हणतो, "भट्ठी गरम, बाकी भरम." सारं भिलाई हसतं. काका हसत नाहीत. ही विनोदी मालिका त्यांनी पहिल्या भागापासून पाहिली, पण ओठाचा कोपरासुद्धा हलला नाही. ते पाहणी करतात. कॅप्टनने हातमोजे घातले नाहीत, चहावालीची ओढणी मशीनजवळ लोंबते आहे, चारतोंड्याला चार मास्क द्यायला पाहिजेत. त्यांच्या मते त्या यानात कामाचा माणूस एकच, डिब्बालाल.

काकांसारखी आणखीही माणसं गावात आहेत, हाही मला धक्काच होता. नेहरू नगरच्या कोचिंगमध्ये गणित शिकवणारे साहूसर या मालिकेचे असे भक्त, की त्यांनी फोनवर दुर्ग-भिलाईच्या चाहत्यांचा ग्रुपच काढला. काका त्यात होते. पुढे मलाही त्यात ओढलं.

मग तो रविवार आला. काकांनी मला हाक मारली होती, म्हणून मी पांढरं हेल्मेट घालून सोफ्यावर बसलो होतो. भाग नेहमीसारखा चालला होता. शेवटी कॅप्टनने एक बटण दाबलं, डिब्बालालच्या पायाखालची झडप उघडली, आणि तो सरळ भंगाराच्या कोठीत. त्याच्या जागी एक चकचकीत नवा रोबो येऊन उभा राहिला आणि त्याने विनोद केला. मागून हशा वाजला. लगेच साबणाची जाहिरात.

मी आ वासून बघत राहिलो. साबण विकताय? आत्ता? ग्रुपवर तर हाहाकार माजला. दुर्गच्या एका बाईंनी लिहिलं, आज घरात चूल पेटणार नाही. एकाने टीव्ही विकायला काढला. साहूसरांनी लिहिलं की त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आहे आणि उद्याचा त्रिकोणमितीचा तास होणार नाही. एवढी मोठी माणसं एका पत्र्याच्या डब्यासाठी रडतात हे पाहून मी हबकलो. त्याहून हबकलो ते मीही ग्रुपवर दोन रडके चेहरे टाकले तेव्हा.

काका टीव्ही बंद करून तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मी कोर्टातून परतलो तर माझ्या दारात उभे, हेल्मेटसकट. चॅनेलला नोटीस पाठवायची आहे म्हणाले. मी समजावलं की रोबोला कायद्याने नोकर मानत नाहीत, त्याला काढायचा त्यांना हक्क आहे.

"काढलं म्हणून नाही म्हणून राहिलो मी," काका म्हणाले. "जुनं झालं का काढतेतच. पण निरोप कावून नाही देला? हार नाही, नारळ नाही. गेटपर्यंत कोणी पोचवाले आलं नाही. बटन दाबलं अन् झालं?"

अशा निरोपाचं कलम कुठल्याच कायद्यात नाही. भिलाईत राहणाऱ्याला हे सांगायला नको. इथे माणूस रिटायर होतो तेव्हा त्याचे सोबती त्याला गेटवर हारांनी मढवतात, गुलाल उधळतात, आणि धुमालच्या, म्हणजे ढोलताशांच्या बँडच्या, दणदणाटात वाजतगाजत घरी आणतात. दारात बायको औक्षण करते. मग सगळ्यांना जेवण. लग्नात नाचली नाहीत ती माणसं त्या दिवशी नाचतात.

"येत्या रविवारी," काका म्हणाले, "आपण करू त्याचा निरोप."

मला वाटलं हा राग आहे, उतरेल. बुधवारी काका तेलाचा पिपा ठोकत बसलेले दिसले. शनिवारपर्यंत त्याला डोकं, बल्बचे डोळे आणि झाऱ्याचे हात फुटले होते. रविवारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी धुमालची गाडी येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. या गल्लीत मला वकील म्हणून राहायचं होतं.

मिरवणूक निघाली. पुढे धुमाल, मागे काका स्कूटर ढकलताहेत, मागच्या सीटवर दोरीने बांधलेला डिब्बालाल झेंडूच्या हारांत बुडालेला, आणि भोवती पंधरावीस चाहते. साहूसर पांढरं हेल्मेट घालून असे नाचत होते की त्यांचा एखादा विद्यार्थी पाहता तर गणित सोडून देता. गल्लीतले लोक गच्च्यांवर आले. समोरचे एक रिटायर्ड गृहस्थ हार घेऊन धावत आले, आणि कोण रिटायर झालं, कुठल्या डिपार्टमेंटचे, असं मला विचारू लागले. मी म्हणालो, इंजिन. पिप्याकडे पाहून ते जागीच थबकले. मग काय वाटलं कोण जाणे, पुढे होऊन त्यांनी तो हार घातला आणि हात जोडले.

काकांच्या फाटकाशी धुमाल थांबला. भाषण काकाच करणार होते. त्यांनी पिप्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"यानं ड्यूटीचा कधी नागा नाही केला," ते म्हणाले. "भट्टी कधी थंड होऊ देली नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. "याच्या हाताखाली शिकलेले पोरं आता ऑफिसर आहेत. याले वाटे, आपला दिवस येईन तवा धुमाल असा वाजीन का गेट हालीन." पुन्हा टाळ्या. "तो दिवस आला तवा सगळं बंद होतं. तोंडाले मास्क. गेटवरच्या गार्डनं दुरूनच हात जोडले. यानं स्कूटर काढली अन् एकटाच घरी आला. भर दुपारी, रस्त्यावर कुत्रं नोहोतं. कोणाची गलती नाही. टाईमच तसा होता."

टाळ्या वाजल्या नाहीत. 'गगन टपरी'चे सगळे भाग मी पाहिले आहेत. डिब्बालालने कधी मास्क लावला नव्हता, आणि त्याच्याकडे स्कूटर नव्हती. साहूसरांनी हळूच डोक्यावरचं हेल्मेट काढून काखेत धरलं. मला इतकी वर्षं शेजारी राहून यातलं काहीही कळलं नव्हतं. काकांना मात्र आपण काय बोलून गेलो याचा पत्ताच नव्हता. ते पिप्याचा हार सारखा करत होते.

तेवढ्यात काकू औक्षणाचं ताट घेऊन दारातून बाहेर आल्या. नेसायला ठेवणीतली हिरवी साडी. निरांजन वाऱ्याने विझू नये म्हणून एक हात आडवा धरलेला. सगळे बाजूला झाले. काका म्हणाले, ये, याले ओवाळ. काकू पिप्याशी न थांबता पुढे आल्या आणि काकांसमोर उभ्या राहिल्या.

"हेल्मेट काढा. कुंकू कुठं लावू?"

काका गडबडले. आज कार्यक्रम डिब्बालालचा आहे, असं काहीतरी पुटपुटले.

"तुमी पहिले, बाकी मंग," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तरी आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "त्या दिवशी मी हेच ताट घेऊन दारात उभी होती. तुमी मांगच्या दारानं गेले, नळावर आंघोळ करत बसले. मले म्हणे, दूर राय. निरांजन इझलं. तवापासून घरी आलेच नाही तुमी."

काकांचा हात हनुवटीखालच्या पट्ट्याकडे गेला. पट्टा सुटेना. काकूंनी ताट माझ्या हातात दिलं आणि स्वतः तो सोडवला. हेल्मेट निघालं. आत एक साधा, टक्कल पडलेला, भांबावलेला म्हातारा होता. त्याच्या कपाळावर हेल्मेटचा वळ उमटला होता, त्याच्या बरोबर खाली काकूंनी कुंकू लावलं, ओवाळलं, आणि बूट काढायला सांगितले. काका उंबऱ्यावर बसून लेस सोडायला लागले आणि मधेच दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला रडू आवरलं नाही, आणि ताट हातात असल्यामुळे डोळेही पुसता आले नाहीत. साहूसर धुमालवाल्यांवर ओरडले, "अरे, बजाओ ना." धुमाल असा वाजला, की गच्चीवरची कबुतरं उडाली. गेटचं मला माहीत नाही, पण काकांचं फाटक हलत होतं.

सोमवारी दुपारी मी घरीच होतो. खिडकीतून पाहिलं तर स्कूटरची सीट रिकामी. तिच्या शेजारी डिब्बालाल उभा, सुकलेल्या हारांत, डोक्यावर पिवळं हेल्मेट.

पुढच्या रविवारी काकांनी मालिकेला बोलावलं. नवा रोबो पाहण्यात मला रस नव्हता, पण गेलो. दारात सवयीने हात पुढे केला, पांढऱ्या हेल्मेटसाठी. काका अनवाणी होते.

"राहू द्या, वकीलसाहेब," ते म्हणाले. "घरातच आहो आपण."

भाग सुरू झाला. नव्या रोबोला भट्टी पेटवता येईना. त्याने फुंकर मारली, सगळी राख त्याच्याच चकचकीत तोंडावर उडाली, आणि तो डिब्बालालसारखाच आपटला. शेजारून एक मोठा, खरखरीत, पूर्वी कधी न ऐकलेला आवाज आला. मी दचकून वळलो. काका हसत होते, पोट धरून. काकू हातात लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून घाबऱ्याघुबऱ्या धावत आल्या, काय झालं म्हणून. आणि तशाच दारात उभ्या राहून त्यांच्याकडे बघत राहिल्या.