वासंतीबाईंचा कौल

मल्हारचं बारसं फ्रँकफर्टात झालं, ते वर्ष २००५. मीनलच्या बाळंतपणासाठी तिची आई वासंतीबाई ओतूरहून आल्या होत्या, आणि जर्मनीत मुदतीच्या वर्षभर आधीच निवडणूक लागली होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध येईल असं मीनलच्या नवऱ्याला, गुरुदत्तला, स्वप्नातही वाटलं नव्हतं.

गुरुदत्त एका बँकेत सॉफ्टवेअरचं काम करायचा, पण त्याचा खरा जीव आकड्यांत. त्याने फ्रीजच्या दारावर आलेखाचा कागद चिकटवला होता. दर आठवड्याला मतचाचणीचे आकडे आले की तो त्यावर ठिपके काढायचा. तिथले लोक पक्षांना रंगानेच ओळखतात. जूनमध्ये काळे लालांच्या वीसेक टक्के पुढे होते. ऑगस्ट संपत आला तरी ते चांगले तेरा टक्के पुढे होते.

"काळ्यांचं राज्य येणार. यात आता बदल नाही," तो रोज जेवताना सांगायचा.

"बरं," वासंतीबाई म्हणायच्या आणि त्याच्या ताटात भाजी वाढायच्या.

एके दिवशी तो ऑफिसातून घरी आला, तर दहा वर्षांची तनया दारातच उभी.

"पापा, आज उमफ्रागेवाल्या, मतचाचणीवाल्या बाईचा फोन होता! आल्झो, मग मी आजीला दिला."

"आजीला? का?"

"ती म्हणाली, घरात मोठ्या माणसांत लास्ट गेबुर्ट्सटाग कोणाचा झाला, त्यांना द्या. ममाचा फेब्रुवारीत, तुझा नोव्हेंबरमध्ये. आजीचा पासपोर्टवर एर्स्टर युनी!"

वासंतीबाईंचा खरा जन्मदिवस देवालाच ठाऊक. पासपोर्ट काढताना कारकुनाने एक जून टाकला होता. पण तनया जर्मन शाळेत वाढलेली. नियम म्हणजे नियम.

"अगं, पण आजीला इथे मत नाही!"

"बाईने विचारलं, मताचा हक्क आहे का. मी आजीला विचारलं."

"मग मी काय सांगणार?" वासंतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "हाय म्हटलं. एक इलेक्शन चुकवलं नाही मी आजवर. ताप अंगात घेऊन गेलेय."

"अहो आई, तो हक्क ओतूरला!"

"हक्क काय गाव बघून बदलतो?"

"आणि पक्ष कोणता सांगितलात?"

"काळे," तनया म्हणाली. "आजी म्हणाली, काळे लिही."

गुरुदत्त बुटासकट खुर्चीत बसला. जर्मनीत आठ वर्षं काढून त्याने नागरिकत्वाचा अर्ज केला होता. बारा सप्टेंबरला आमटात, म्हणजे तिथल्या सरकारी कचेरीत, मुलाखत होती. आणि आता त्याच्या घरच्या नंबरावरून, तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या सासूबाईंनी, मतदार आहे असं सांगून जर्मनीच्या राजकारणात कौल दिला होता.

"तुम्ही उगीच घाबरताय," मीनल म्हणाली. "हजार माणसांत एक ती."

"खोटी माहिती ती खोटीच. आणि फोन माझ्या नावावर आहे!"

दुसऱ्या दिवशी त्याने पाहणी करणाऱ्या संस्थेला फोन केला. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. उत्तरं निनावी असतात, त्यामुळे काढून टाकता येत नाहीत, असं त्या म्हणाल्या. तरी चूक नोंदवायचीच असेल तर ज्यांनी उत्तर दिलं त्यांच्या सहीचं पत्र पाठवा.

इतक्यात नवे आकडे आले. काळ्यांची आघाडी तेरावरून अकरावर आली होती.

"उतरले ना?" वासंतीबाई फ्रीजसमोर उभ्या राहून म्हणाल्या. त्या बावन्नाव्या वर्षी रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकल्या होत्या. आकडा दिसला की मोठ्याने वाचायची त्यांना सवय होती.

"आई, हे उतरणं नव्हे. याला चुकीची मर्यादा म्हणतात. थांबा, दाखवतो."

त्याने डब्यातले काळे उडीद आणि लाल मसूर एका पातेल्यात ओतले, हाताने ढवळले, वाटीभर काढून मोजले. मग दुसरी वाटी, मग तिसरी.

"बघा! पातेलं तेच, तरी दर वाटीत आकडा थोडा वेगळा. म्हणून दोन टक्क्यांनी काही सिद्ध होत नाही."

वासंतीबाई पातेल्याकडे बघत राहिल्या. "आता हे वेगळं कोण करणार?"

"करू नंतर. पण पटलं का?"

"नाही. उडीद गप वाटीत येतो, जावईबापू. त्याला कोणी काही विचारत नाही. माणसाला विचारावं लागतं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे अजून उतरतील."

आपलंच उत्तर काळ्यांच्या पारड्यात टाकून ही बाई काळे उतरणार म्हणून सांगते, याचा अर्थ गुरुदत्तला लागेना. त्याने तो नाद सोडला आणि पत्र तयार केलं. वासंतीबाईंना वाचता यावं म्हणून जर्मन मजकुराखाली मराठीतही लिहिलं: 'मी भारतीय नागरिक असून मला येथे मताधिकार नाही. माझी पसंती काळ्या पक्षाला आहे असे मी चुकून कळवले. माझी ही पसंती मोजू नये.'

वासंतीबाईंनी चष्मा लावला. बोट ठेवत ठेवत पत्र दोनदा वाचलं.

"सही करणार नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

"आई, माझ्या नागरिकत्वाचा प्रश्न आहे!"

"तुमच्यासाठी दुसरं काहीही करीन. यावर सही नाही."

"अगं, कर ना," मीनलने मध्ये पडून पाहिलं.

"तू बोलू नको. शिकताना तुझ्या बापाची बोलणी खाऊन शिकलेय मी ती सही."

गुरुदत्तचा तोल गेला. "सही नको तर अंगठा तरी द्या!"

वासंतीबाईंनी चष्मा डबीत ठेवला, डबी बंद केली आणि आतल्या खोलीत निघून गेल्या.

"शाबास," मीनल म्हणाली. "अंगठा म्हणे! आता भोगा."

दुसऱ्या दिवसापासून वासंतीबाई जावयाशी थेट बोलेनाशा झाल्या. स्वयंपाक होता, वाढणं होतं, पण सगळं तनयामार्फत.

"तनया, तुझ्या पप्पांना विचार, आमटी हवी का."

"पापा, झुपं?"

"नको म्हणून सांग."

"आजी, नाईन."

"मग तसंच उठा म्हणावं."

बारा तारखेला गुरुदत्त आमटात गेला. तिथल्या अधिकारी बाईंनी फाईल उघडून सहज विचारलं, "बातम्या वाचता का?" एवढ्या प्रश्नावर त्याने सगळं ओकून टाकलं: फोन, एक जून, काळे, न झालेली सही. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "महाशय, अर्ज तुमचा आहे की सासूबाईंचा?"

"माझा."

"मग इथे सही करा. फोनवर कोण काय बोललं, याला आमच्या फॉर्ममध्ये रकाना नाही."

अठरा तारखेला मतदान झालं आणि संध्याकाळी सगळे टीव्हीसमोर बसले. सहाच्या ठोक्याला पहिले आकडे आले आणि गुरुदत्त उभाच राहिला. काळ्यांची आघाडी पार वितळली होती. अखेर उरला जेमतेम एक टक्का. पडद्यावरचे तज्ज्ञ एकमेकांची तोंडं बघत होते. इतक्या संस्थांचे अंदाज एकदम कसे चुकले, ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

"असं कसं होईल?" गुरुदत्त पुटपुटला. "शेवटपर्यंत आघाडी होती!"

"आघाडी नव्हती ती," वासंतीबाई म्हणाल्या. आठवडा उलटून गेल्यावर त्या पहिल्यांदाच त्याच्याशी थेट बोलत होत्या. "भीड होती."

"म्हणजे?"

"दारात कोणी हात जोडून आलं की आम्ही काय म्हणतो? तुमचंच! येईल त्याला तुमचंच. फोनवाली बाई गोड आवाजात विचारत होती. जो तो म्हणतोय काळे, तर मी पण म्हटलं काळे. तिला कशाला वाईट वाटू द्या? माझ्यासारखे आणखी असतील."

"मग तुमच्या मनात..."

"लाल होते. पहिल्यापासून."

गुरुदत्त खाली बसला. "हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"मत सांगायचं असतं होय? आज पेट्या उघडल्या म्हणून बोलले. तुम्ही कागदावर लिहिलंत, माझी पसंती काळ्यांना आहे. तोंडाने मी शंभर जणांना 'तुमचंच' म्हणीन. पण खोट्याखाली माझी सही? आणि अंगठा तर मेले तरी देणार नाही."

गुरुदत्त उठला. त्याने त्यांच्या पायांना हात लावला आणि स्वतः जाऊन चहा टाकला. पुढच्या आठवड्यात वासंतीबाई ओतूरला परतल्या. त्यानंतर त्यांनी चार वर्षांत तीन निवडणुकांत मतं दिली. तिन्ही वेळा गुरुदत्तने फोन करून कोणाला दिलंत म्हणून विचारलं आणि तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "तुमचंच."

वासंतीबाई वीस डिसेंबर २००९ रोजी पहाटे ओतूरच्या घरी वारल्या.