वय: आठ दात

लातूरच्या एका शिक्षणसंस्थेने परिपत्रक काढले: "सर्व विभागांचे संगणकीय एकत्रीकरण पूर्ण झाले असून, एकदा तयार केलेली संगणक-सेवाच सर्वत्र वापरल्याने एकही ओळ नव्याने लिहावी लागली नाही." यातले शेवटचे विधान खरे होते; अनर्थ त्यातच होता. संस्थेचा जनावरांचा बाजारही आहे. तिथली वय तपासणारी सेवा उचलून मुलींच्या वसतिगृहाला जोडण्यात आली. जनावराचे वय दातांवरून धरतात आणि मोजायचे दात आठाच्या वर जात नाहीत, हे सेवेला ठाऊक होते, परिपत्रकाला नव्हते.

देगलूरची नीलम्मा आणि तिचे वडील संगप्पा वसतिगृहाच्या प्रवेशखिडकीशी उभे होते. मुदत संध्याकाळी पाचला संपणार होती, आणि खोली मिळाली नाही तर नीलम्माचे कॉलेजही. संगणकप्रमुख विरूपाक्ष यांनी वय अठरा लिहिले. पडद्यावर उत्तर आले: अशक्य.

"पोरीचं वय लई जास्त दाखवायलंय, मामा."

"अठराच हाय. बाप हाय मी तिचा."

"त्याला किती चालतंय, सर?" नीलम्माने विचारले.

विरूपाक्षांनी एकेक आकडा उतरवत पाहिला. "आठ."

"आठाची असताना मी तिसरीत होते. तिसरीला खोली देता?"

"न्हाई. सोळाच्या खाली बंदी हाय."

त्यांनी सेवा लिहिणाऱ्या आदिनाथला नांदेडला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मर्यादा काढतो की सर. पण सेवा एकच हाय. उद्या बाजारात अठरा दातांचा बैल उभा राहील."

दात हा शब्द ऐकताच, तीस वर्षे बैल पारखलेले संगप्पा खिडकीत वाकले. "मग आठच टाका, साहेब. आठ दात म्हंजी जनावर पुरतं वयात आलं."

आठ टाकले. सेवेने 'पूर्ण वाढ' असे कळवले. सोळाच्या अटीसाठी वसतिगृहाचा संगणक तेवढेच विचारत होता. पाच वाजायला चार मिनिटे होती. सेवेने आणखी विचारले: शिंगे?

"न्हाईत लिहा, सर," नीलम्मा म्हणाली. "अजून तरी."

खोली मिळाली. सूचनाफलकावर यादी लागली: नीलम्मा, आठदाती, बिनशिंगी, स्वभाव गरीब. दात आणि शिंगे तिने सोडून दिली. स्वभावाबद्दल मात्र लेखी तक्रार केली. चौकशी बसली. विरूपाक्षांचा जबाब शब्दशः असा:

"सेवा आम्ही पुन्हा वापरली, हे मान्य आहे. ती काय विचारते ते वाचायचं राहून गेलं. वाचत बसलो असतो, तर तेवढ्या वेळात नवी लिहून झाली असती."