तीन जहाजांचा तुलनात्मक तक्ता

लग्नाला तीस वर्षं पूर्ण होत असल्याने एका खरेदी अधिकाऱ्यांच्या पत्नीने एक तोंडी मागणी सादर केली: दोघांनी आठ दिवस समुद्रपर्यटनाच्या मोठ्या जहाजावर जायचं आणि तिथे नाश्ता आयता तिच्यापुढे यायचा. खरेदी अधिकाऱ्यांनी मागणी तत्त्वतः मंजूर केली. तिथेच घोळ झाला. तीन दरपत्रकं मागवल्याशिवाय या गृहस्थांनी नोकरीत कधी टाचणीसुद्धा घेतली नव्हती.

तीन कंपन्यांची दरपत्रकं आली. पहिलीच्या दरात खोलीला खिडकी धरलेली नव्हती. दुसरीच्या दरात खिडकी होती, पण चहा नव्हता. तिसरीच्या दरात सगळंच होतं, त्यामुळे अधिकाऱ्यांना तिचा दाट संशय आला. तिन्हींनी ‘हवं तितकं खा’ असं छापलं होतं. ‘हवं तितकं’ म्हणजे नक्की किती, हे ठरल्याशिवाय तुलना व्हायची कशी?

मग जावयाची आहार-चाचणी समितीवर एकमेव सदस्य म्हणून नेमणूक झाली. रविवारी तो सासुरवाडीला जेवायला आला आणि सासऱ्यांच्या देखरेखीखाली अकरा उकडलेली अंडी, चार वाट्या सूप आणि अख्खा केक खाऊन कोचावर आडवा झाला. हा आकडा ‘प्रमाणित भूक’ म्हणून भिंतीवरच्या तक्त्यात चढला. तोवर कंपन्यांनी दर बदलले होते. नव्या दरांना जुनी भूक लावणं नियमबाह्य, म्हणून पुढच्या रविवारी फेरचाचणी झाली. असे चार रविवार गेले. मुलीने नवऱ्याच्या पोटाबद्दल लेखी हरकत नोंदवली, ती फाइलला लागली. चारही रविवारी स्वयंपाक कोण करत होतं, यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

पाचव्या रविवारी चूल पेटलीच नाही. पत्नी बॅग घेऊन दारात उभी होती, बाहेर टॅक्सी थांबली होती.

“मी दोन तिकिटं काढलीत. येताय?”

“दरपत्रकं किती मागवलीस?”

“एक.”

“नियमात बसत नाही.”

“लग्नाच्या वेळीही मी एकच माणूस पाहिला होता,” ती शांतपणे म्हणाली. “तीन मागवायला हवे होते, हे आत्ता कळतंय.”

अधिकाऱ्यांना हे फार लागलं. त्यांना जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. फक्त एकदा ताडून पाहतो म्हणून ते आपलं तिकीट घेऊन तक्त्यापाशी गेले. तिन्ही रकाने तपासले, बेरजा दोनदा केल्या. तिने निवडलेलं जहाज दरात, सोयीत आणि जेवणात पहिलं आलं. ते आनंदाने ओरडत दाराकडे धावले, तेव्हा टॅक्सी गेली होती.

हसताय? परवा सडकून भूक लागलेली असताना कुठे जेवावं म्हणून फोनवर लोकांचे दोनशे अभिप्राय वाचत बसलात आणि शेवटी घरीच बिस्किटं खाल्लीत. समोर बसलेलं माणूस तेव्हा काय म्हणत होतं, आठवतंय?